गादीवर उभं राहण्याआधी
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात नव्या कीर्तनकारांपुढे केलेले भाषण)

 

नव्या पोरांना कीर्तनाचं चार शब्द सांगा, असा दिंडीचा हुकूम झाला. आमची शाळा चौथीपर्यंत. पण गाडगेबाबांना तर अक्षरओळखही नव्हती, आणि त्यांच्या कीर्तनाला माणूस मावत नव्हता. तेव्हा बोलणं लोकांना पटतं कशानं, हे पुस्तकाच्या बाहेरच शोधावं लागतं.

पहिली गोष्ट. आपल्या वारकरी कीर्तनाला एक अभंग घेतात. त्याला प्रमाणं किती द्या, दृष्टांत किती द्या, पण फिरून त्याच अभंगावर या. समोरचा माणूस दिवसभर रानात राबून आलेला असतो. त्याच्या गाठीला एकच गोष्ट बांधून द्या. दहा दिल्या तर वाटेतच सांडतील.

दुसरी गोष्ट. दृष्टांत ऐकणाऱ्याच्या रानातला पाहिजे. आम्ही एकदा माणदेशात उसाच्या पाटपाण्याचा दृष्टांत लावला. वाळवा-कराडकडं त्यावर माना डोलतात. तिथं समोर टँकरची वाट बघणारी माणसं! कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांचे चेहरे उतरले. तेव्हापासून गावात दिवस मावळायच्या आत जातो, पारावर बसतो, पाऊसपाणी विचारतो, मगच गादीवर उभं राहतो.

तिसरी गोष्ट, प्रश्न. गाडगेबाबा उपदेश कमी करायचे आणि विचारायचे जास्त. कर्ज काढून सण करावा का, देवापुढं बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं का, असं विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. दुसऱ्यानं सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतःच्या तोंडचं उत्तर त्याची पाठ सोडत नाही. मात्र प्रश्न विचारला की थांबायला शिका. आपणच घाईनं उत्तर दिलं की प्रश्न वाया गेला. टाळ-मृदंग कशाला आहेत? तेवढ्या वेळात ऐकलेलं आत मुरतं. माईकवर ओरडून ते मुरत नाही.

ह्या झाल्या हातोट्या, त्या वर्षभरात येतात. पुढची गोष्ट यायला आम्हाला फार वर्षं लागली.

आमच्याच गावच्या सप्त्यात आम्ही कर्जाच्या लग्नावर कीर्तन केलं. लोक हसले, माना डोलावल्या. आम्हाला वाटलं, पटलं. दोन वर्षांनी आमच्या लेकीचं लग्न निघालं. भावकी म्हणाली, बुवाच्या घरचं लग्न, साधं कसं चालंल? मांडव वाढला, पंगती वाढल्या, वाजंत्री आली. सोसायटीचं 80 हजारांचं पीककर्ज रानात न जाता मांडवात गेलं. पुढच्या सप्त्यात आम्ही पुन्हा तोच विषय काढला. मागनं एक म्हातारा म्हणाला, "बुवा, तुमचं फिटलं का?" सगळा मांडव हसला. टाळकऱ्यांनी माना खाली घातल्या. कीर्तन कसंबसं आटोपलं. घरी आल्यावर आमची मंडळी म्हणाली, "त्यांनी खरं तेच विचारलं की."

आम्ही त्या म्हाताऱ्यावर वर्षभर रुसून होतो. मग कळलं, चूक त्याची नव्हती. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. लोकांनी दिवसा हात बघितलेले असायचे, म्हणून रात्री शब्द पटायचा. आपले क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. 1942 च्या चळवळीत ते रांगड्या भाषेत बोलायचे. त्या वेळी सांगली जिल्हा वेगळा नव्हता, हा भाग साताऱ्यातच होता. थोडक्या खर्चाची गांधी लग्नं त्यांनी नुसती सांगितली नाहीत. ती गावोगाव लागली, लोकांनी डोळ्यांनी बघितली.

पुढच्या वर्षी आम्ही उभे राहिलो आणि आधी आमचाच हिशोब मांडला. 80 हजार मांडवात गेले, वेळेत फेड झाली नाही, व्याजाची सवलत गेली, दुभती म्हैस विकली. नातवंडांचं दूध विकत आणावं लागलं. कुणी हसलं नाही. मग विचारलं, "आम्ही शहाणपणा केला का?" आणि थांबलो. बराच वेळ मांडव गप्प होता. शेवटी बायकांच्या बाजूनं आवाज आला, "नाही बुवा." चार दिवसांनी एक शेतकरी घरी आला. म्हणाला, "शंभर माणसांत देवळातच उरकलं, तर लोक नावं ठेवतील का?" आम्ही म्हणालो, ठेवतील, दोन महिने. कर्ज त्याहून जास्त राहतं. त्यानं लग्न देवळात लावलं. आम्ही अक्षता टाकायला पहिले हजर होतो.

पोरांनो, पाठांतर करा, चाल बसवा, आवाज जपा. पण दुसऱ्याकडं बोट करण्याआधी ते स्वतःकडं वळवा. दारुड्याचं, कर्जबाजाऱ्याचं नाव भर मांडवात घेऊ नका. तो माणूस पुन्हा कीर्तनाला येत नाही, आणि ज्याला गरज तोच आला नाही तर आपण बोलतो कुणासाठी? ज्या गोष्टीत आपण चुकलो ती झाकू नका. लोकांना ती आधीच ठाऊक असते. आपण कधी कबूल करतो, एवढीच ते वाट बघतात.