गावगटासाठी वायरलेस रिपीटर : आधी परवाना, मग खरेदी

(करमाड, जि. छत्रपती संभाजीनगर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा माणूस वायरलेसवर काय सांगणार, असे काहींना वाटेल. परंतु बी, खत, पाणी याइतकेच वेळेवर पोचलेल्या निरोपालाही शेतीत मोल आहे. रात्रीच्या विजेवर पाणी धरणारा एकीकडे, मोटार दुसरीकडे आणि घर गावात. त्यात वादळाने वीज गेली की काही तासांत मोबाईलचा टॉवरही बंद पडतो. म्हणून चार-पाच गावांनी वर्गणी काढून वायरलेस बसवावा, हा विचार योग्यच आहे. मात्र वर्गणी खर्च होण्याआधी काही बाबी नीट समजून घ्याव्यात.

रिपीटर काय करतो?

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच बोलणे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुढे पाठवतो. त्याची खरी ताकद वॅटमध्ये नसून अँटेनाच्या उंचीत असते. याचा साधा हिशेब असा : अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास 4.12 ने गुणावे व दोन्ही टोकांची बेरीज करावी. हातातले दोन संच दीड मीटरवर धरले तर हे अंतर कागदावर 10 कि.मी. येते, झाडे आणि चढ-उतार यामुळे प्रत्यक्षात ते दोन-तीन कि.मी.वरच थांबते. तीस मीटर उंच अँटेना असेल तर कागदावर 27 कि.मी. मिळतात. पण मध्ये टेकडी आली तर हा हिशेब लागू पडत नाही.

परवान्याचे नियम

1) परवानामुक्त संच : 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे वॉकी-टॉकी, तसेच 27 मेगाहर्ट्झजवळील सिटिझन बँडचे 5 वॅटपर्यंतचे संच यांना परवाना लागत नाही. मात्र संचास केंद्राच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, उपकरण मान्यता असावी लागते. तिला ईटीए म्हणतात. हा पट्टा सर्वांचा सामायिक आहे. दुसऱ्याचा व्यत्यय आला तर तक्रारीला जागा नाही.

2) रिपीटर : 446 चा संपूर्ण पट्टा अवघा 0.2 मेगाहर्ट्झ रुंद आहे. यूएचएफ रिपीटरच्या ऐकण्याच्या व बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत मात्र साधारण 5 मेगाहर्ट्झ अंतर ठेवावे लागते. म्हणजे परवानामुक्त पट्ट्यात रिपीटर बसतच नाही. त्यासाठी डब्ल्यूपीसीकडे 'सरल संचार' या पोर्टलवर अर्ज करून फ्रिक्वेन्सी व परवाना घ्यावा लागतो. अर्ज नोंदणीकृत संस्थेच्या किंवा उत्पादक कंपनीच्या नावे करणे सोयीचे पडते.

3) मनोरा : स्थिर अँटेनाच्या जागेसाठी 'सॅक्फा' समितीची मंजुरी लागते. चिकलठाणा विमानतळ करमाडपासून 20 कि.मी.च्या आत असल्याने मनोऱ्याच्या उंचीबाबत विमानतळ प्राधिकरणाकडे आधी चौकशी करावी.

4) हौशी रेडिओ : 1993 च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचविण्याचे मोठे काम केले. तरीही त्यांची फ्रिक्वेन्सी शेतमालाच्या व्यवहारासाठी वापरता येत नाही आणि बोलणाऱ्या प्रत्येकास परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

बाजारात स्वस्तात मिळणारे, वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारे संच घेऊ नयेत. ते पोलीस व इतर सेवांच्या फ्रिक्वेन्सीत व्यत्यय आणू शकतात. संच जप्त होतात व दंडही होतो. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

साहित्य निवडताना

- रिपीटर सतत चालण्याच्या क्षमतेचा घ्यावा. दोन हँडसेट वायरने जोडून केलेला रिपीटर लवकर तापतो व जळतो.
- एकाच अँटेनावर ऐकणे व बोलणे व्हावे म्हणून डुप्लेक्सर नावाची गाळणी लागते. ती मिळालेल्या फ्रिक्वेन्सीवरच जुळवावी लागते; म्हणून फ्रिक्वेन्सी हाती येण्याआधी ती घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.
- केबल जाड व शक्य तितकी आखूड असावी. पातळ, लांब केबलमध्ये निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाऊ शकते.
- 25 वॅटचा रिपीटर बोलताना साधारण 6 ते 7 अँपिअर वीज घेतो. रात्रभरात तीन तास बोलणे धरले तर 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी पुरते. ती निम्म्यापेक्षा जास्त उतरू देऊ नये. चार्जिंगसाठी सौर पॅनेल जोडावे.
- मनोऱ्यास वीजरोधक व चांगले अर्थिंग करावे. केबल इमारतीत शिरण्यापूर्वी तीही अर्थ करावी. आपल्याकडे मे-जूनच्या वळवात विजा पडतात. कडकडाट सुरू असताना मनोऱ्याजवळ जाऊ नये.

सुरुवात कशी करावी?

प्रथम ईटीए असलेले 446 चे चार संच घ्यावेत व आठवडाभर शिवारात फिरून कोठून कोठे ऐकू येते याची वहीत नोंद ठेवावी. बऱ्याच गटांचे काम एवढ्यावरच भागेल. भागले नाही तर तीच वही तंत्रज्ञापुढे ठेवावी, मनोऱ्याची जागा ठरवावी आणि अर्ज करावा. मंजुरी हाती आल्यावरच वर्गणीतून खरेदी करावी. एक माणूस बॅटरी व नोंदवहीसाठी नेमावा. निरोप थोडक्यात द्यावा आणि वादळ, आग, सर्पदंश यांच्या निरोपास सर्वांनी आधी वाट द्यावी.