हरवणारा माणूस सोडू नका : फायटिंग गेमच्या टूर्नामेंटआधी थोडं

ज्यांना वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर इथे देतोय. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे म्हणजे' कापलंय.

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "भो, टेकन किंवा स्ट्रीट फायटरच्या टूर्नामेंटला उतरायचं तर डोकं कसं ठेवायचं?" मी काही चॅम्पियन नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, शनिवार-रविवारी खेळतो. पण चुका भरपूर केल्यात, त्यातली सगळ्यात महागडी आज सांगतो.

मी मूळचा धुळ्याचा. लहानपणी आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एक पार्लर होतं, तिथे किंग ऑफ फायटर्स ९७ चं मशीन होतं. नियम एकच : जिंकला तो खेळत राहणार, हरला तो नवीन नाणं टाकणार. म्हणजे हरणं थेट खिशाला लागायचं. माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं की हरणं म्हणजे नुकसान. ही सवय पुढे खूप नडली.

बीटेकला जळगावला आलो. हॉस्टेलवर टेकन ७ चालायचा आणि तिथे मी 'भाई' होतो. रूमवर अमळनेरचा एक ज्युनिअर यायचा. तो एडी घ्यायचा. लोळत लोळत पायात मारायचा. खाली बसून अडवायला गेलं की मधल्या उंचीचा फटका, कारण बसलेल्याला तो अडवता येत नाही. मला वाटायचं, पोरगं नुसतं बटणं बडवतंय.

कॉलेजच्या फेस्टमध्ये टूर्नामेंट ठेवली. आमचा सामना लागला. दोन-शून्य. मी हरलो, पन्नास पोरांसमोर. त्याने हात पुढे केला, मी मिळवला नाही. वर म्हणालो, "असला फालतू गेम खेळून जिंकण्यात काय आहे?" सगळे हसले. तो काही बोलला नाही. कंट्रोलर ठेवला आणि गेला. त्यानंतर माझ्या रूमवर कधी आला नाही.

पुढची दोन वर्षं मी त्याच चार मित्रांशी खेळलो, ज्यांना मी रोज हरवायचो. मग नोकरी लागल्यावर पुण्यात पहिली बाहेरची टूर्नामेंट खेळलो. दोन सेट, दोन्ही हरलो, घरी. दुसऱ्या सेटमध्ये समोरच्याकडे कोण होता? एडी. तेच लोळणं, तेच पायात. दोन वर्षांपूर्वी जे शिकवायला माणूस आपणहून रूमवर येत होता, ते मला अजून येत नव्हतं.

आपल्याकडे तालमीत हे जुनं आहे. पैलवानाला जोड लागते, आपल्या तोडीचा किंवा वरचढ. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असं सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारलं. असा पैलवान फक्त आपल्याहून कच्च्या पोरांना लोळवून तयार होत नाही.

आता टेकनमधलं उदाहरण. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान ॲश आधी ईव्हो जपान जिंकला, मग त्याच वर्षी लास व्हेगासची ईव्हो. तोवर टेकन म्हणजे कोरिया आणि जपान, असंच सगळे धरून चालायचे. तो म्हणाला, आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत. मग कोरियाचा 'नी', या खेळातला मोठ्यातला मोठा खेळाडू, स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळला. "नशीब होतं त्यांचं" म्हणत घरी बसला नाही. याला म्हणतात माइंडसेट.

बरं, आता कामाचं.

पहिलं. हरल्यावर "तो चीप खेळतो" हे वाक्य तोंडात आलं की थांबा. त्याऐवजी विचारा, "मी नेमकं काय खाल्लं?" एकच फटका आठवा. टेकनच्या प्रॅक्टिस मोडमध्ये समोरच्या कॅरेक्टरला तो रेकॉर्ड करून लावा आणि अडवायला शिका. मला एडीच्या पायातल्या फटक्यांना एक रविवार लागला. एक रविवार! त्यासाठी मी मित्र घालवला होता.

दुसरं. सगळीकडे लक्ष ठेवू नका. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट २६ फ्रेमने लागतो, म्हणजे जवळजवळ ०.४३ सेकंद. माणसाला तेवढ्यात बटण दाबता येतं. तरी स्टेजवर आपण तो खातो, कारण डोक्यात उडी, थ्रो, मागे बसलेले मित्र आणि "हरलो तर?" हे सगळं एकदम चालू असतं. राउंडआधी ठरवा : या राउंडला मी फक्त हे एक बघणार.

तिसरं. बहुतेक टूर्नामेंट डबल एलिमिनेशन असतात. एकदा हरलात तर लूजर्स ब्रॅकेटमध्ये जाता, बाहेर नाही. मधल्या वेळात मोबाइल काढू नका. पाणी प्या, समोरच्याची एक सवय आठवा.

आणि निकालाचं म्हणाल तर, जगात फायटिंग गेमची सगळ्यात गाजलेली क्लिप २००४ च्या ईव्होमधली आहे. दाइगो उमेहाराच्या केनचं रक्त संपत आलेलं, जस्टिन वाँगच्या चुन-लीने सुपर सोडली आणि दाइगोने त्यातला एकेक फटका परतवून सामना फिरवला. ती टूर्नामेंट दाइगो जिंकला नव्हता. फायनल हरला. वीस वर्षांनंतरही लोक बघतात ते त्याचं खेळणं.

गेल्या दिवाळीत घरी आलो तेव्हा त्या अमळनेरच्या पोराला मेसेज केला. लिहिलं, "तेव्हा हात मिळवायला हवा होता. चुकलं माझं." दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "दादा, कंट्रोलर घेऊन या."

गेलो. दहा मॅच खेळलो, आठ हरलो. पण आता प्रत्येक वेळी का हरलो ते सांगता येत होतं. आणि येत नव्हतं तिथे तोच सांगत होता, शेवभाजी खाता खाता.

तर तुमच्या गल्लीत, हॉस्टेलवर, डिस्कॉर्डवर तुम्हाला सारखं हरवणारा कोणी असेल, तर आज त्यालाच मेसेज करा. टूर्नामेंटची तयारी तिथून सुरू होते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. चला, येतो!