तलावाचा काठ आणि हिवाळी पाहुणे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षे झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन. सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला ‘सकाळच्या फिरण्याचे फायदे’. शुगर, बीपी आणि गुडघ्यांबद्दल सांगायला आपल्याकडे डॉक्टर मंडळी आहेत. मी तलावाच्या पाळीवरून फिरताना काय दिसतं ते सांगतो.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानासाठी हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. म्हणून माजी मालगुजारी, आपल्या बोलीत ‘मामा तलाव’. कोणाच्या मामाने बांधले, असं मुलं विचारतात, त्यांच्यासाठी हे उत्तर!

दिवाळी आटोपली, धान कापणीला आलं, पहाटे धुकं पडू लागलं की पाहुणे उतरतात. शेपटीला टोकदार पीस असलेलं तलवार बदक थेट सायबेरियाकडून येतं. पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. काठावर शेपूट हलवत फिरणारा धोबी तर आपल्या अंगणातसुद्धा येतो. घरचे लोक वेगळेच: टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी आणि पानांवरून चालणारा कमळपक्षी. साकोलीकडे कधी गेलात तर शिवनीबांधला पहाटे जरूर थांबा.

या पक्ष्यांना मराठीत ओळख मिळाली त्यात मारुती चितमपल्ली यांचा वाटा फार मोठा. ते वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, त्याआधी नवेगाव आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथले माधवराव पाटील आणि गावची माणसं यांच्याकडून ते पक्षी शिकले, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. त्यांची जयंती ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अलींची १२ नोव्हेंबर. हा आठवडा आपलं राज्य ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळतं.

आता मुद्द्याचं बोलतो. वसाहतीमागच्या बोडीला चारही बाजूंनी दगडी पिचिंग करून पायवाट आणि दिवे मागावेत, अशी सूचना सभेत आली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे. आम्हा म्हाताऱ्यांना घसरण्याची भीती असते, पायवाट हवीच. पण मंडळी, जरा बघा. तलवार बदक बुडी मारून खात नाही. शेपूट वर, डोकं खाली करून उथळ पाण्यातल्या बिया आणि किडे टिपतं. तुतवाराला ओला चिखल लागतो. कमळपक्ष्याला कमळ, कुमुदिनी, शिंगाड्याची पानं लागतात. म्हणजे या साऱ्यांचं ताट मांडलेलं असतं ते काठावर. काठ दगडाने उभा बांधला की पाणी दिसायला स्वच्छ, पण ताट रिकामं!

दुसरं संकट बेशरमाचं. ही झाडं काठ व्यापतात आणि मूळच्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांच्या सोबतीने तलावांतलं बेशरम उपटून देशी वनस्पती लावल्या आहेत. त्याने मासे आणि पक्षी दोघांचीही सोय होते. सारस तर आपल्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांचंही सगळं उथळ पाण्यावर आणि धानाच्या बांध्यांवरच चालतं.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला प्रस्ताव नीट वाचायची सवय आहे. म्हणून संचालक मंडळाला एकच विनंती करतो. अर्जात एक ओळ वाढवा: ‘पायवाट वसाहतीच्या बाजूने करावी, शेताकडचा काठ मातीचाच ठेवावा आणि तिकडे दिवे लावू नयेत.’ त्याला जास्तीचा पैसा लागत नाही, उलट वाचतोच. बेशरम काढायला एक रविवार आपण सारे मिळून देऊ. निर्माल्य आणि प्लॅस्टिक बोडीत टाकायचं नाही, हे घरोघरी सांगायचं काम महिला मंडळ चांगलं करील.

आणि मुलांनो, एक वही करा. पहिलं बदक कोणत्या तारखेला दिसलं ते लिहा. सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवात ती वही वाचायला आम्ही नसू, पण तुम्ही असाल. पक्षीही असावेत, एवढीच इच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!