आता फक्त काचा राहिल्या

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ असा भारदस्त विषय दिलाय. पण सकाळपासून चहाच्या टेबलाशी जो भेटला त्याने एकच विचारलं, “गाडी झाली का गं?” तर आधी त्याचं उत्तर. झालीच आहे, आता थोडंसंच राहिलंय. हेच उत्तर मी गेल्या दिवाळीतही दिलं होतं, हे मागच्या रांगेतून कुणी ओरडून सांगायची गरज नाही.

गाडी तुम्हाला माहीत आहे. बाबांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनलेली, इटलीच्या फियाट ११०० चं देशी रूप. पद्मिनी हे नाव लागलं १९७४ ला, पण आपल्या घरांतून ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. बाबांनी नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली होती. आपल्या वर्गातले निम्मे लोक कधी ना कधी तिच्यात कोंबून बसले आहेत. पुढे अख्खं बाकडं आणि गिअर स्टिअरिंगला, म्हणून पुढेही तिघं मावायचे.

इंजिनाचं काम सोपं गेलं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. १०८९ सीसीचं साधंसुधं इंजिन. बोअर करून नवे पिस्टन-रिंग घातले, कार्बोरेटर साफ केला. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा मात्र सगळा नवा घातला, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

खरा त्रास सामानाचा. ही गाडी इतकी वर्षं जिवंत राहिली ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर प्रत्येक स्टँडजवळ पद्मिनीचा मेकॅनिक होता आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हवा तो भाग मिळायचा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, ताडदेव आरटीओत. टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या बंद. पेपरांत त्या दिवशी फोटो आले, आपण हळहळलो. मला हळहळायला उसंत नव्हती, मी त्याच आठवड्यात दाराच्या आतल्या मुठी शोधत होते. टॅक्सी भंगारात जात होत्या तोवर भाग मिळाले, पुढे दुकानदार म्हणू लागले, “मॅडम, अब कौन रखेगा?”

आता, ‘थोडंसं राहिलंय’ला इतका वेळ का? कारण शेवटची कामं एकमेकांत अडकलेली असतात. समोरची काच बसवायची तर आधी छताचं अस्तर हवं, कारण अस्तराची कड काचेच्या रबराखाली दाबली जाते. अस्तर लावायचं तर आधी छताच्या दिव्याची वायर ओढलेली हवी. वायरिंगवाला म्हणतो, डॅशबोर्ड लावू नका. डॅशबोर्ड लावल्याशिवाय... जाऊ दे. आपल्या शाळेत बाकं दुरुस्त व्हायची तेव्हाही असंच व्हायचं, सुतार आला की खिळे नसायचे.

दारांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. दाराखालचा उंबरठा गंजून गेला होता, तो कापून नवा जोडला. वेल्डिंगआधी आत आडव्या पट्ट्या मारून सांगाडा धरून ठेवला होता, तरी ड्रायव्हरचं दार खाली घासू लागलं. पत्रेवाला म्हणाला, ठोकून बसवतो. तेव्हा आपल्या वर्गातल्या एकीचे वडील आले. काका प्रीमियरला होते, दारं बसवायच्या विभागात. वय ८६. रिक्षातून उतरले, काठी टेकत गाडीपाशी गेले, दार दोनदा उघडून लावलं आणि म्हणाले, “दाराला हात लावू नका. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल करा, मी सांगतो तेवढं उचला.” पत्रेवाल्याने उचललं. काकांनी फटीत बोट फिरवलं. “अजून केसभर.” मग दार असं लागलं, खट्ट, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकीत येऊन पाहिलं. काका परत जाताना म्हणाले, “दिवसभर हाच आवाज ऐकायचो आम्ही.” कुर्ल्याला तिथे आता ‘प्रीमियर रोड’ एवढं नाव आहे आणि उंच इमारती.

काही जण सुचवतात, ५० वर्षं झाली, तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदव. २०२१ चा केंद्राचा नियम आहे तसा, नोंदणी दहा वर्षं चालते आणि जुना नंबरही राहतो. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला किंवा दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायलाच बाहेर काढायची, रोजच्या वापराला नाही. माझं मत उलट आहे. मला हिच्यातून मुलुंड स्टेशनवर भाजी आणायला जायचंय. त्यामुळे मी साधंच पासिंग करणार, दर पाच वर्षांनी तपासणी करून घेईन. त्यात वाकलेला बंपर चालतो आणि डिकीत कांदे-बटाटेही.

घाई कशाची, तर आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय. मार्चअखेर जागा सोडायची. जिथे भाड्याने जातोय तिथे चालत्या गाडीला जागा द्यायला तयार आहेत, उघडून ठेवलेल्या गाडीला नाही. नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग येणार आहे. ही चार मीटरच्या आत लांब आणि आजच्या गाड्यांपेक्षा अरुंद, तेव्हा तिथे ती आरामात मावेल. पण आधी तिला स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर पडायला हवं.

अस्तर परवा लागलं. येत्या रविवारी पुढची काच. पद्धत अशी : रबराच्या खाचेत दोरी ओवायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून टेकवायची. मग आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो आणि रबराची कड पत्र्यावर चढत जाते. तेव्हा बाहेरून दोघांनी तळव्याने सारखा दाब द्यायचा असतो, एक ढिला पडला की काच गेली, आणि दुसरी कुठे मिळायची नाही. दोरी ओढणारा कारागीर ठरलाय, काका खुर्ची टाकून बसणार आहेत. बाहेरून दाबायला दोन माणसं हवीत. सकाळी नऊ वाजता, जुने कपडे घालून या. अंगठ्या घरी ठेवा, काचेला ओरखडा पडतो. पोहे माझ्याकडे.