ओढा वाट विसरत नाही

आजचा विषय शहरातला पूर. मी मूळचा बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकचा, कामाला पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. या दोन्ही गावांचा आजच्या विषयाशी संबंध आहे, तो शेवटी सांगतो.

25 सप्टेंबर 2019. नोकरी लागून तीन महिने झाले होते. आंबील ओढ्याजवळ तळमजल्यावर भाड्याची खोली. रात्री दाराखालून पाणी आलं आणि बघता बघता कमरेला लागलं. आम्ही जिन्याने वर पळालो. गाडी वाहून गेली. पण गाडीचं काय, त्या पावसात पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. नाझरे धरणातून कऱ्हा नदीत पाणी सुटलं आणि तिकडे बारामतीतही नदीकाठच्या लोकांना हलवावं लागलं. एरवी कोरडी असते ती कऱ्हा!

आता हा आंबील ओढा बघा. कात्रजच्या डोंगरात उगम, शेवट मुठेत. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजला तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं. ओढ्याचा शहरातला प्रवाहही वळवला. पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आज त्या तळ्याच्या जागी सारसबाग आहे. म्हणजे पाणी थांबायच्या जागा होत्या, त्या आपण एकेक करून कमी केल्या.

माझ्या कामात एक गोष्ट रोज दिसते. दिवसभरात लाखो लोक आले तरी सर्व्हर पडत नाही. सगळे एकाच मिनिटाला आले की पडतो. पुराचंही तसंच आहे. पाऊस किती पडला यापेक्षा तो ओढ्यात किती वेळात पोचला, हे महत्त्वाचं.

साधा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सोसायटीचं छत आणि पार्किंग मिळून 2000 चौरस मीटर असेल आणि 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर एक लाख लिटर. दहा हजारी टँकर दहा! खाली माती असती तर काही मुरलं असतं, काही रेंगाळलं असतं. काँक्रीटवरून सगळं लगेच गटारात.

मग करायचं काय? छताचं पाणी आधी टाकीत घ्या, जास्तीचं शोषखड्ड्यात सोडा. पार्किंगला सलग काँक्रीटऐवजी फटी असलेले ब्लॉक बसवा. डोंगरउतारावर चर काढा, झाडं राखा. तलावातला गाळ पावसाळ्याआधी काढा. ओढ्याचा तळ काँक्रीटने बांधू नका. आणि पूररेषा पाळा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा.

यातलं काहीही जादू नाही. पुण्याखाली काळा पाषाण आहे, सगळीकडे पाणी सारखं मुरत नाही. चीनने 2015 पासून शहरं स्पंजासारखी करायला घेतली, त्यातलं झेंगझोऊ जुलै 2021 मध्ये बुडालंच. तिथे एका तासात 200 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. म्हणून मुरवणं हवंच, पण ओढ्याची रुंदीही सोडायला हवी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आता शेवटचं. 2019 नंतर मी जिथे तिथे बिल्डरांच्या नावाने बोलायचो. एकदा गावी जेवताना आजी म्हणाली, "आपल्या रानाकडंचा वढा पयला केवढा हुता, ठावं हाय का?" मला आठवेना. आप्पांनी मान खाली घातली. दरवर्षी नांगर फूटभर आत जात गेला, तिथे ऊस उभा राहिला. दोन सऱ्या वाढल्या, ओढा मात्र चारीएवढा उरला. जोराचा पाऊस झाला की पाणी खालच्या वस्तीत शिरतं. ती माणसं आम्हाला काही बोलत नाहीत, एवढंच.

मंडळी, बिल्डरने केलं ते आम्हीही केलं, फक्त आमचं सात-बाऱ्यावर दिसत नाही. यंदा ऊस तुटून गेला की त्या दोन सऱ्या सोडायच्या, असं आप्पांशी बोलणं झालंय. अजून "बघू" म्हणतात. मी मागे लागलोय.

तुमच्या सोसायटीच्या मागे, शेताच्या कडेला असा ओढा असेल तर एकदा जाऊन बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो केवढा होता. काय उत्तर मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.