जालना कोणी उभे केले?



‘जालना सोने का पालना’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. जमशेदखानाने मोती तलाव बांधला, १७२५ साली गढी झाली, १९०० च्या सुमारास रेल्वे आली, कापसाची पेठ वाढली. १९६४ मध्ये बारवाल्यांनी महिको काढली. ही नावे इतिहासात आली.

पण तलावाची माती कोणी उपसली? रुळाखाली खडी कोणी टाकली? आम्हा बँकवाल्यांना पूर्वी व्यवहाराला सही लागायची. इथे सहीच नाही! एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसविले, तिथे मातंग कुटुंबे राहिली. त्यांचा धर्म वेगळा, पण निदान नोंद तरी झाली. आपल्या वस्त्यांची कुठे आहे? घरी आजी-आजोबा असतील तर आजच विचारा आणि वहीत तारीख घालून लिहा.