विहिरीतील पाणी आणि भूजलाचा नकाशा
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मागील सत्रात नववीच्या एका मुलाची फी राहिली. वडील म्हणाले, "सर, पैसे बोअरला लागले. पाणी अजून खाली गेले." मला त्यांचा राग आला नाही, डोळ्यांदेखत केळीची बाग वाळताना पाहणे सोपे नसते. पण बोअर किती खोल न्यायची, हे त्यांनी शेजाऱ्याची बोअर पाहून ठरविले होते.

आपला रावेर-यावलचा भाग तापीच्या गाळाचा आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पाणी काळ्या पाषाणाच्या फटींत साठते; आपल्याकडे वाळू आणि चिकणमातीचे जाड थर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी आणलेल्या दगडगोट्यांचा पट्टा आहे. त्यात पाणी झपाट्याने मुरते आणि साधारणपणे दक्षिणेकडे, तापीच्या दिशेने सरकते. तेव्हा तुमच्या विहिरीतले पाणी तुमच्याच शेतात पडलेले असेल असे नाही.

हे सरकणे कागदावर कसे दाखवायचे? विद्यार्थ्यांनी इकडे लक्ष द्यावे. समजा, एका विहिरीजवळची जमीन समुद्रसपाटीपासून २३० मीटर उंच आहे आणि पाणी ४० मीटर खाली आहे. पाण्याची उंची झाली १९०. दुसरीकडे जमीन २१५ मीटर, पाणी ३० मीटर खाली, उंची १८५. दुसऱ्या विहिरीचे पाणी वर दिसते, पण खरे तर तेच खाली आहे! अशा अनेक विहिरींतील सारख्या उंचीची ठिकाणे रेषेने जोडली की नकाशा तयार होतो. पाणी त्या रेषांना काटकोनात, उंचाकडून सखलाकडे वाहते. जेथे रेषा गोलाकार होऊन मध्ये खळगा दिसतो, तेथे उपसा जास्त आहे असे समजावे. त्या खळग्यात नवी बोअर खोल नेली की खळगा वाढतो आणि शेजाऱ्याचेही पाणी ओढले जाते.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरी मोजते. तुलना मेची मेशीच करावी. मेची ऑक्टोबरशी करणारे पुष्कळ भेटतात!

येत्या ऑक्टोबरात आमचे विद्यार्थी टेप आणि वही घेऊन तुमच्या विहिरींवर येतील. मोटर चालू असताना घेतलेले माप खोटे निघते. आदल्या रात्री मोटर बंद ठेवावी. मुले सकाळी लवकर येतील.